पाहिलें तें आणि ताडलें तें

मुलें बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालीं म्हणजे आपल्या घरोघरीं जी चर्चा सुरू होते, तींत विषयाचा विचार सर्वांत शेवटीं येतो. आधीं येतो तो पगाराचा, मग कॉलेजच्या लौकिकाचा, आणि त्यानंतर शेजारच्या मुलानें काय केलें ह्याचा. ह्यांत आईबापांना दोष देण्याचा माझा हेतु नाहीं. मुलांच्या पुढच्या भाकरीची काळजी ज्यांना वाहावयाची आहे, त्यांनीं ती वाहिलीच पाहिजे. परंतु ह्या चर्चेंत कांहीं विषयांचें नांवसुद्धां निघत नाहीं, आणि कांहीं लहान कॉलेजांचा रस्ताही कोणास ठाऊक नसतो. अशा एका विषयाची व अशा एका कॉलेजची गेल्या कांहीं वर्षांत मला जवळून ओळख झाली. ती वाचकांच्या कानांवर घालावी, एवढ्यासाठींच हा लेख.

मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं. घरीं वडिलांपाशीं व पुढें एका शास्त्रीबोवांपाशीं संस्कृत शिकलों, आणि छत्तीस वर्षें शाळेंत तेंच शिकविलें. तेव्हां दगडांविषयीं लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, असें कोणी विचारील. अधिकार इतकाच, कीं माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, २०२२ सालीं भूशास्त्र हा विषय घेऊन बी. एस्‌सी.च्या वर्गांत बसली. आणि तिच्या वडिलांची नोकरी बदलीची असल्यामुळें तीं तिन्ही वर्षें ती आमच्याच घरीं राहिली. तिचीं पुस्तकें, तिची हातोडी आणि तिनें आणलेले दगड ह्यांच्या सहवासांत आम्हां उभयतांचेंही थोडेंबहुत शिक्षण झालें.

आमच्या गांवीं एका खाजगी शिक्षणसंस्थेनें चालविलेलें लहानसें कॉलेज आहे. १८८५ सालीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेज निघालें. तेव्हांपासून खाजगी संस्थांनीं वर्गण्या मिळवून कॉलेजें काढण्याची जी परंपरा आपल्याकडे पडली, तिचेंच हें एक धाकटें भावंड म्हणतां येईल. पहिल्या वर्षीं भूशास्त्राला विद्यार्थी बरे असतात, कारण घ्यावयाच्या अनेक विषयांपैकीं तो एक असतो. तिसऱ्या वर्षीं तोच एक विषय धरून बसावयाचें असतें, आणि तेव्हां उरतात ते मोजके. माझ्या नातीच्या वेळीं सात जणें उरलीं: चार मुलगे व तीन मुली. शिकविण्यास कायम नेमणुकीचे प्राध्यापक एक, आणि तासिका तत्त्वावर काम करणारे दोघे तरुण. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, आणि त्यांत लांकडी खणांचीं कपाटें.

विषयाचें नांव ऐकून आप्तेष्टांनीं जें म्हणावयाचें तें म्हटलें. दगडधोंडे गोळा करावयास कॉलेज कशाला, असें एकानें विचारलें. मुलीच्या जातीनें डोंगर तुडवीत हिंडावयाचें काय, असें दुसऱ्यानें. माझ्या जांवयांची इच्छा तिनें इंजिनिअर व्हावें अशी होती. मीं त्यांना एवढेंच म्हटलें, "तुम्ही एकदां चला, त्या प्राध्यापकांना भेटूं, आणि मग काय तें ठरवा." आम्ही तिघें गेलों. जांवयांनीं पहिलाच प्रश्न टाकला, "ह्याचें पुढें काय होतें?"

प्राध्यापकांनीं दिलेलें उत्तर मला आजही आठवतें, कारण इतकें सरळ उत्तर शिक्षणाच्या बाजारांत क्वचित् ऐकूं येतें. ते म्हणाले, "नुसत्या बी. एस्‌सी.वर फारसें कांहीं मिळत नाहीं, हें आधींच सांगतों. एम्. एस्‌सी. करावीच लागते. त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे. त्याची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतें आणि ती कठीण असते. शिवाय भूजल, खाणी, तेल, धरणें आणि बोगदे. जागा थोड्या, पण उमेदवारही थोडे. हिला डोंगर आवडत असेल तर पाठवा. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाहीं म्हणून पाठवूं नका." परत येतांना जांवई बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "माणूस खोटें बोलत नाहीं. राहूं दे तिला तेथें."

ह्याप्रमाणें शिक्षण सुरू झालें, आणि त्याचा पहिला उपद्रव स्वयंपाकघरास झाला. खनिजाचें काठिण्य मोजण्याची एक श्रेणी मोस नांवाच्या जर्मन पंडितानें १८१२ सालीं लावून दिली आहे. तींत शंखजिरें पहिलें आणि हिरा दहावा. बोटाचें नख अडीचाच्या सुमारास, चाकूचें पातें साडेपांचाच्या आसपास, आणि गारगोटी सातवी. मग काय, घरांतील प्रत्येक वस्तूवर चाकूचा ओरखडा! पाट्यावरवंट्याचा काळा दगड, रांगोळीचा शिरगोळा, कुंड्यांना लावावयाचा गेरू, सर्वांची परीक्षा झाली. गेरू खडबडीत चिनीमातीवर घांसून त्याची तांबडी रेघ तिनें आजीला दाखविली व हें लोखंडाचेंच एक रूप आहे म्हणून सांगितलें. उपासाचें सैंधव हें पन्नास कोटि वर्षांहूनही जुन्या आटलेल्या समुद्राचें मीठ आहे, हें ऐकल्यावर तर आमच्या घरांतून उद्गार निघाला, "म्हणजे मुरलेलें म्हणावयाचें!"

परंतु ही झाली गंमत. ज्या गोष्टीनें माझें लक्ष खरोखर वेधलें ती तिची वही. डोंगरावर जातांना प्रत्येक विद्यार्थ्यानें एक जाड पुठ्ठ्याची वही न्यावयाची असते. प्राध्यापकांचा नियम असा, कीं उघडलेल्या वहीच्या डाव्या पानावर जें डोळ्यांनीं पाहिलें, हातांनीं चांचपलें, फितीनें मोजलें तेवढेंच लिहावयाचें. आणि त्यावरून जें ताडलें तें उजव्या पानावर. डाव्या पानावर "लाल मातीचा थर, जाडी दीड फूट, वरचा खडक काळा व घट्ट, खालचा सच्छिद्र" असें असेल, तर उजव्या पानावर "खालचा लाव्हा थंड होऊन त्याची माती होण्यास मध्यें कांहीं काळ गेला असावा, नंतर दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजली असावी" असें. डाव्या पानावर "असावें" हा शब्द आला कीं प्राध्यापक तांबड्या पेन्सिलीनें खूण करीत. आणि उजव्या पानावर "आहे" आला तरी तशीच खूण करीत.

ती वही पाहून मला माझे शास्त्रीबोवा आठवले. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकवितांना प्रत्यक्ष कोठें संपतें आणि अनुमान कोठें सुरू होतें, ह्यावर ते आम्हांला दिवसचे दिवस अडवून धरीत. डोंगरावर धूर दिसला म्हणून अग्नि आहे असें म्हणावयाचें, पण तें कोणत्या व्याप्तीच्या बळावर, हें सांगितल्याखेरीज पुढें जावयाची सोय नसे. आम्हीही सहाच विद्यार्थी होतों. त्यामुळें कोणाला पाठीमागें लपतां येत नसे. येथेंही तीच पद्धति! फरक इतकाच, कीं न्यायशास्त्रांतील डोंगरावर निदान धूर तरी असतो. आमच्या सह्याद्रीवर धूरही नाहीं. सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षांपूर्वीं भडकलेल्या अग्नीचें अनुमान नुसत्या थंड दगडावरून करावयाचें. हा दगड, ज्याला बेसाल्ट म्हणतात, आज सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर मुलुखावर पसरलेला आहे. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात म्हणून पाश्चात्य पंडितांनीं त्याला 'ट्रॅप' म्हटलें. तो शब्द पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला आहे. घाटाच्या एका रस्त्यावर ह्या सात जणांना पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालवीत नेऊन लाव्हाचे थर मोजावयास लाविलें होतें. पहिल्या दिवशीं सातांचीं सात उत्तरें आलीं. प्राध्यापकांनीं आपलें उत्तर सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं पुन्हां चालविलें. शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गाला असें दोनदां घाट चढवितां येईल काय, ह्याचा विचार वाचकांनींच करावा.

दुसऱ्या वर्षीं सहल निघाली ती बदामीस. आजीनें हजार प्रश्न विचारले. सोबत एक अध्यापिका आहेत आणि उतरण्याची सोय धर्मशाळेंत आहे, असें समजल्यावर डबा भरून दिला. बदामीचीं लेणीं आपण पाहतों तीं चालुक्यांचीं म्हणून. तिसऱ्या लेण्यांतील मंगलेशाचा शिलालेख शके ५०० चा, म्हणजे इसवी सन ५७८ चा आहे. पण ज्या तांबड्या वाळूच्या खडकांत तीं कोरलीं, त्या खडकांत वाहत्या पाण्यानें वाळूवर उमटविलेल्या लाटा जशाच्या तशा राहिल्या आहेत. त्याच प्रदेशांत एके ठिकाणीं तिरप्या थरांवर आडवे थर बसलेले आहेत. खालचे थर सांठले, उचलले गेले, वांकले, झिजले, आणि मग कितीएक काळानें त्यांवर नवे थर बसले. मधला काळ दगडांत कोठेंच लिहिलेला नाहीं. नातीनें मला तें चित्र काढून दाखविलें, तेव्हां मीं म्हटलें, "हें तर त्रुटित पोथीसारखें झालें. मधलीं पानें गळालीं." ती म्हणाली, "होय आजोबा. पण पानें गळालीं आहेत हें तरी कळतें. तें कळलें नसतें तर आम्ही दोन्ही गोष्टी सलगच वाचल्या असत्या." पोथ्यांचें संशोधन करणाऱ्यांनींही हें वाक्य ध्यानांत ठेवावें, असें मला वाटलें.

एकदां पूजा आटोपल्यावर तिनें आजीची परवानगी घेऊन देवघरांतील शाळिग्राम भिंगाखालीं पाहिला. आमचा शाळिग्राम एका बाजूनें फुटका असून आंतलें चक्र स्पष्ट दिसतें. तिनें सांगितलें, कीं हें चक्र समुद्रांत राहणाऱ्या एका प्राण्याच्या शिंपल्याचें आहे. ते प्राणी आतां पृथ्वीवर उरले नाहींत. नेपाळांत काळी गंडकीच्या पात्रांत हे गोटे सांपडतात, आणि सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वीं, हिमालय उठण्याच्या फार आधीं, त्या जागीं समुद्र होता. मला वाटलें, आतां घरांत वाद होणार. पण आजी शांतपणें म्हणाली, "समुद्रांतलाच म्हणतेस ना? मग विष्णूचाच कीं तो!" आणि शाळिग्राम पुन्हां संपुष्टांत गेला. नातीनें वहींत काय लिहिलें तें मीं पाहिलें नाहीं. पण डाव्या पानावर चक्राचें चित्र मात्र होतें.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती ह्या विद्येची खरी कसोटी पाहणारी आहे. माझे धाकटे बंधु मूळ गांवीं शेती पाहतात. तो सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी मुलूख. २०२३ सालचा पाऊस तिकडे फारच अपुरा झाला. त्यापूर्वीं बंधूंनीं डाळिंबाच्या बागेसाठीं दोन विंधनविहिरी घेतल्या होत्या. एक तीनशें फूट, दुसरी सव्वाचारशें. दोहोंतूनही धुरळा तेवढा निघाला. डोक्यावर कर्ज झालें. तशांत तिसरी घेण्याचें त्यांच्या मनांत आलें. पाणाड्या नारळ घेऊन येऊन गेला होता, जागेवर खूण झाली होती, आणि पैशासाठीं वहिनींच्या पाटल्या मोडावयाच्या असें घाटत होतें.

त्याच वर्षीं प्राध्यापकांनीं दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपापल्या ओळखीच्या गांवीं विहिरींची पाहणी करावयास सांगितलें होतें. नातीनें आमचें गांव निवडलें. दिवाळीनंतर एकदां आणि वैशाखांत एकदां, अशी दोन वेळां गांवांतील चोवीस विहिरींची खोली व पाण्याची पातळी तिनें मोजली. मी बरोबर होतों. दोरीला वजन बांधून सोडण्याचें काम माझ्याकडे होतें. प्रत्येक विहिरीच्या कांठावरून खालीं दिसणाऱ्या खडकाची नोंद ती करी: कोठवर माती, कोठवर मुरूम, कोठवर भेगांचा आणि छिद्रांचा मऊ खडक, आणि कोठून काळा घट्ट कातळ.

पाणी कोठें आहे ह्याचा विचार आपल्या पूर्वजांनींही केला होता. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत 'दकार्गल' नांवाचा एक अध्यायच त्यासाठीं लिहिला आहे. झाडें, वारुळें, मातीचा रंग ह्यांवरून भूमीखालील पाण्याच्या शिरा कशा ओळखाव्या, आणि किती पुरुष खोलीवर त्या लागतील, हें त्यांत सांगितलें आहे. मीं तो अध्याय तिला समजावून दिला. तिनें तो मन लावून ऐकला आणि विचारलें, "ह्यांतलें आपल्या गांवीं पडताळून पाहण्याजोगें काय आहे?" औदुंबराचा उल्लेख त्यांत आहे. चोवीसांपैकीं ज्या विहिरींना वैशाखांतही पाणी होतें, त्यांतील दोहोंशेजारीं उंबर होता. मी हर्षित झालों. ती म्हणाली, "आजोबा, दोन उदाहरणांवरून व्याप्ति ठरत नाहीं, असें तुम्हींच मला शिकविलें आहे." माझेंच शस्त्र माझ्यावर चाललें, ह्याचा मला आनंदच झाला.

वैशाखांतील मोजणी संपल्यावर रात्रीं ओसरीवर बैठक बसली. बंधूंनीं विचारलें, "बाळ, आतां स्पष्ट सांग. तिसरी बोअर घेऊं कीं नको?" तिनें वही उघडली. डावें पान आधीं वाचलें: पाणी टिकलेल्या विहिरी सर्व ओढ्याच्या बाजूच्या, त्यांत चाळीस फुटांपर्यंत मुरूम व मऊ खडक, त्याखालीं दिसतो तो घट्ट कातळ, त्यांत भेगा फार थोड्या. मग उजवें पान: गांवचें पाणी बहुतेक वरच्या चाळीस फुटांतच फिरत असावें, खालच्या कातळांत एखादी भेग सांपडली तर पाणी लागेलही, पण दोनदां लागलें नाहीं, तिसऱ्यांदा लागेल असें मानण्यास आधार दिसत नाहीं. ओढ्याकांठच्या आपल्या जुन्या विहिरींत बारा फूट गाळ आहे. तो काढावा, आणि वरच्या अंगाला ओढ्यावर छोटासा बांध घालून पावसाचें पाणी मुरवावें.

बंधु थोडे चिडले. म्हणाले, "तुझें सगळें 'असावें' आणि 'दिसत नाहीं'! पाणाड्यानें तर छातीवर हात ठेवून जागा दाखविली." ती म्हणाली, "अण्णाआजोबा, ते ठाम सांगतात. मला जेवढें दिसलें तेवढेंच मी सांगतें. पैसे तुमचे आहेत; म्हणूनच मला ठाऊक आहे त्याहून जास्त मी बोलणार नाहीं." ओसरीवर कोणी बोलेना. मग आंतून वहिनींचा आवाज आला, "गाळ काढावयास पाटल्या मोडाव्या लागतील का हो?" तेवढ्यावर निर्णय झाला. प्राध्यापकही पुढच्या आठवड्यांत स्वतः येऊन जागा पाहून गेले. मृगापूर्वीं गाळ निघाला व बांध झाला.

२०२५ सालीं त्या विहिरीला वैशाखाच्या मध्यापर्यंत पाणी पुरलें. आदल्या वर्षीं फाल्गुनांतच तळ दिसला होता. मीं हें मोठ्या अभिमानानें चारचौघांत सांगूं लागलों, तेव्हां नातीनें मला थांबविलें. २०२४ चा पाऊस चांगला झाला होता. गाळ काढल्याचा वांटा किती आणि पावसाचा किती, हें एका वर्षावरून सांगतां येत नाहीं, असें ती म्हणते. तेव्हां मीही येथें तितकेंच लिहितों: विहिरीला पाणी होतें, आणि वहिनींच्या हातांत पाटल्या आहेत. हें डावें पान झालें.

माझ्या आयुष्यांत ह्या महाराष्ट्रानें ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिला, ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहांट पाहिली, ३० जुलै २०१४ रोजीं माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळवाडी डोंगराखालीं गेलेली पाहिली. प्रत्येक वेळीं आपण विचारतों, कीं हें आधीं कोणास कळलें नाहीं काय. भूकंपाची घटका कोणालाही सांगतां येत नाहीं. पण कोणता उतार भिजून सुटेल, कोणत्या खडकावर घर बांधावें, कोठें पाणी मुरेल, हें पाहूं शकणारीं माणसें तयार करावीं लागतात. आणि तीं एका दिवसांत तयार होत नाहींत. घाट दोनदां चढून, थर मोजून, चुकून, पुन्हां मोजून तीं तयार होतात.

म्हणून अलीकडे कानांवर आलेली एक गोष्ट मला बेचैन करते. विद्यार्थी थोडे, खर्च जास्त, म्हणून अशा कॉलेजांतून हा विषय बंद करावा, असा विचार कांहीं संस्थांच्या बैठकींत निघतो. हिशेबाची अडचण खरी आहे. शाळा चालविणाऱ्यांचे हाल मीं छत्तीस वर्षें पाहिले आहेत. पण सातांचा वर्ग म्हणजे रिकामा वर्ग नव्हे. कपाटांतील दगड एकदां विकले गेले, तासिकेवरचे तरुण दुसऱ्या उद्योगास लागले, म्हणजे तो वर्ग पुन्हां उभा करणें विहिरीचा गाळ काढण्याइतकें सोपें राहणार नाहीं.

नात सध्यां एम्. एस्‌सी. करीत आहे, आणि पुढच्या परीक्षेचा अभ्यासही चालला आहे. तिला नोकरी मिळेल कीं नाहीं, हें आज मी सांगूं शकत नाहीं. ज्या घरीं एखादें मूल वाटेवरचा दगड उचलून खिशांत घालतें, त्या घरच्या वडील मंडळींना माझी एकच विनंती आहे. पगाराचा आंकडा विचारण्यापूर्वीं जवळच्या लहान कॉलेजांत एकदां जाऊन यावें, तेथील कपाटांचे खण उघडून पाहावे, आणि शिकविणाऱ्याशीं दोन शब्द बोलावे. जो गुरु आपल्या विषयाची बाजू मांडतांनाही पाहिलेलें आणि ताडलेलें वेगळें ठेवतो, त्याच्या हातीं मूल सोपविण्यास हरकत नसावी.